स्विच आपला, मग फाईल कुणाची?

संस्थेच्या नावावर स्विच विकत घेतला, पावती कपाटात आहे, रॅकची किल्ली कार्यालयात आहे. म्हणजे स्विच आपला झाला, असं आपण धरून चालतो. हा समज तपासून पाहण्याची गरज आहे. स्विचच्या पोटात एक मजकुराची फाईल असते. कोणतं पोर्ट कोणत्या विभागाचं, कॅमेरे कुठे, विद्यार्थ्यांचे संगणक कुठे, कार्यालय कुठे, आत शिरायला नाव आणि पासवर्ड कोणता, हे सगळं त्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाईल आणि तो पासवर्ड ज्याच्याकडे, स्विच त्याचा. पावती कुणाच्याही नावावर असो.

आम्ही पाच-सहाजण नेटवर्कच्या कामात आहोत. कुणी ठेकेदाराकडे रोजावर, कुणी डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला, कुणी स्वतःची छोटी कामं घेणारे. सुरुवात सगळ्यांची एकच आहे: शिडी, ड्रिल मशीन, केसिंग-पट्टी आणि केबलचं बंडल. रविवारी आम्ही वस्त्यांमधल्या अभ्यासिका, वसतिगृहं, छोट्या संस्था यांचं नेटवर्क पाहून देतो. गेल्या काही वर्षांत जे पाहिलं त्यावरून आमचं एक ठाम मत झालं आहे. स्विचमधली फाईल आपल्या संगणकावर आणणं आणि गरज पडल्यास ती परत स्विचमध्ये घालणं, हे काम आपल्या प्रत्येक संस्थेतल्या किमान दोघांना आलंच पाहिजे. हे काम एफटीपीने होतं. शिकायला एक दुपार पुरते. न शिकण्याची किंमत मात्र फार मोठी आहे, आणि ती नेहमी भलत्याच माणसाला मोजावी लागते.

पंधरा मिनिटांचं गुपित

या धंद्यात कामाच्या दोन पायऱ्या पाडलेल्या आहेत. सकाळी आठला पोरं साईटवर पोचतात. भिंती फोडतात, छताच्या पोकळीतून केबल ओढतात, पॅच पॅनेल बसवतात, एकेक टोक क्रिम्प करतात, टेस्टर लावून पाहतात. संध्याकाळी एकजण येतो. तो फिकट निळी चपटी कन्सोल केबल स्विचला लावतो, लॅपटॉपची पाठ आपल्याकडे करतो, पंधरा मिनिटं टाईप करतो आणि निघून जातो. बिलात त्या पंधरा मिनिटांचा भाव दिवसभराच्या शिडीपेक्षा जास्त असतो. कुणी विचारलं, "साहेब, काय टाकलं आत?" तर उत्तर ठरलेलं: "तुला नाही कळायचं."

त्या पंधरा मिनिटांत कळू नये असं काय असतं? आम्ही नंतर स्वतः शिकलो तेव्हा लक्षात आलं की पडद्यावर इंग्रजीतल्या शे-दोनशे सरळ ओळी असतात. पोर्टला नाव द्या, पोर्ट अमुक कप्प्यात टाका, स्विचला पत्ता द्या, पासवर्ड ठेवा. बारावी झालेला कुणीही मुलगा किंवा मुलगी ती फाईल वाचून अर्थ लावू शकते. गुपित त्या ओळींत नाही. लॅपटॉपची पाठ आपल्याकडे केलेली असते, त्यात गुपित आहे.

एका अभ्यासिकेत काय घडलं

हे हवेतलं बोलणं नाही. एका वस्तीतल्या अभ्यासिकेत बावीस संगणक आहेत. पोरं-पोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, तिथेच बसून अर्ज भरतात. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली-आली, गेली-आली, आणि सकाळी स्विचचा एकही दिवा पेटेना. एका भरतीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांनी संपत होती.

ज्या ठेकेदाराने हे नेटवर्क उभं केलं होतं त्याला फोन झाला. त्याचं म्हणणं असं, की स्विचची फाईल आमच्याकडे आहे, पण देखभालीचा करार संपला आहे. आधी नवा करार करा, पैसे भरा, मग चार दिवसांनी माणूस पाठवू. पासवर्ड? तो "कंपनीच्या धोरणानुसार" देता येत नाही. स्विच अभ्यासिकेचा, वर्गणी वस्तीतल्या लोकांची, आणि त्याचा आराखडा मात्र दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये.

लॅमिंग्टन रोडवरून त्याच जातकुळीचा जुना चोवीस पोर्टांचा स्विच दुसऱ्या दिवशी आणला. रॅकमध्ये चढवला, दिवे लागले, इंटरनेट मात्र एकाही संगणकावर येईना. याचं कारण समजून घ्या. एकाच स्विचचे आतून वेगळे कप्पे पाडता येतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. राऊटरकडून येणाऱ्या एकाच तारेतून तीन कप्प्यांची वाहतूक चालू होती आणि प्रत्येक पाकिटावर त्याच्या कप्प्याचा आकडा होता. कोऱ्या स्विचला हे आकडे ठाऊक नव्हते, म्हणून तो ती पाकिटं टाकून देत होता.

राऊटरचाही पासवर्ड आमच्याकडे नव्हता. मग त्या तारेला लिनक्सचा लॅपटॉप लावला आणि टीसीपीडम्प चालवून ऐकत बसलो. राऊटर अधूनमधून हाक मारत होता, अमुक पत्ता कुणाचा, म्हणून. त्या हाकेबरोबर कप्प्याचा आकडा दिसत होता. दहा, वीस आणि तीस. पत्त्यांवरून कॅमेऱ्यांचा कप्पा कोणता, कार्यालयाचा कोणता आणि विद्यार्थ्यांचा कोणता हेही कळलं. आता उरला खरा प्रश्न. रॅकमधल्या चोवीस तारांपैकी कोणती तार कोणत्या टेबलाची?

हे ठाऊक होतं एकाच माणसाला. आमच्यातला एकजण त्या वेळी ठेकेदाराकडे रोजावर होता. केबल त्यानेच ओढल्या होत्या. त्याने आपल्या सवयीने एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलं होतं: सात नंबर, खिडकीजवळचं तिसरं टेबल, अकरा नंबर, जिन्यावरचा कॅमेरा. ही वही त्याला कुणी लिहायला सांगितली नव्हती, नंतर कुणी मागितलीही नव्हती. ती वही समोर ठेवून आम्ही एकेक पोर्ट पुन्हा बसवलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास संगणक चालू झाले आणि रात्री उशिरापर्यंत अर्ज भरणं चाललं.

यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, जो माणूस शिडीवर होता त्याच्याकडे नेटवर्कचं निम्मं ज्ञान होतं आणि कुणी ते ज्ञान मानलंच नव्हतं. दुसरी, उरलेलं निम्मं ज्ञान काही किलोबाईटच्या एका फाईलमध्ये होतं. ती फाईल अभ्यासिकेच्या संगणकावर असती, तर दिवसभराचं काम अर्ध्या तासात संपलं असतं. वही आणि फाईल दोन्ही आपल्या कपाटात असणं, याला आम्ही नेटवर्कची मालकी म्हणतो.

नियम सगळ्यांसाठी खुले आहेत

कुणी म्हणेल, ही मोठ्या लोकांची विद्या आहे. मग एफटीपी आलं कुठून ते पाहा. संगणकांमध्ये फाईलची देवाणघेवाण कशी करावी, याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. तो मसुदा आरएफसी ११४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. आरएफसी म्हणजे 'यावर तुमचं मत कळवा' अशा नावाची कागदपत्रं. पहिलं आरएफसी १९६९ चं. नावातच चर्चेचं आमंत्रण आहे. आज वापरात असलेलं एफटीपी ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये आहे. ते जॉन पोस्टेल आणि जॉईस रेनॉल्ड्स यांनी लिहिलं. ही सगळी कागदपत्रं इंटरनेटवर फुकट आहेत. कुणाची परवानगी लागत नाही, फी लागत नाही.

म्हणजे ज्यांनी हे नियम घडवले त्यांनी दार उघडं ठेवलं. ते बंद करण्याचं काम मधल्या माणसांनी केलं. त्यामुळे "तुला नाही कळायचं" म्हणणाऱ्याला विचारलं पाहिजे, की जे पन्नास वर्षांहून अधिक काळ जगाला वाचायला खुलं आहे ते तू कोणाच्या अधिकाराने झाकतोस?

काम प्रत्यक्षात कसं होतं

आता मुद्द्याचं. एफटीपीत दोन बाजू असतात. एक बाजू सर्व्हर, म्हणजे फाईल मांडून बसलेली. दुसरी क्लायंट, म्हणजे जाऊन मागणारी. स्विच आणि संगणक यांपैकी कोण सर्व्हर होणार हे स्विचवर अवलंबून आहे. हुआवे आणि एचथ्रीसीच्या बऱ्याच स्विचमध्ये एका आज्ञेने स्विचलाच एफटीपी सर्व्हर बनवता येतं. मग संगणकावरून आपण आत जातो आणि फाईल घेतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० सारख्या स्विचवर आपण उलट करतो. संगणकावर फाईलझिला सर्व्हर किंवा लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी चालवतो आणि स्विचला क्लायंट बनवून फाईल पाठवायला सांगतो.

दोन्हीत पहिली पायरी सारखीच आहे. स्विच आणि लॅपटॉप एकाच तारेने जोडा. दोघांना एकाच जाळ्यातले पत्ते द्या, उदाहरणार्थ स्विचला १९२.१६८.१०.२ आणि लॅपटॉपला १९२.१६८.१०.५. पिंग करून पाहा. पिंग जात नसेल तर एफटीपीचं नावही काढू नका.

दुसरी पायरी, चालू मांडणी स्विचमध्ये आधी जतन करा. स्विच चालू असताना जी मांडणी वापरतो ती त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की ती पुसली जाते. सुरू होताना तो जतन केलेली प्रत वाचतो. जतन न करता जुनी प्रत घरी नेली, तर आपण शिळा कागद सांभाळत बसतो.

तिसरी पायरी प्रत्यक्ष नेण्याची. सिस्कोवर एफटीपीचं नाव आणि पासवर्ड स्विचला सांगायचा आणि मग चालू मांडणी एफटीपीकडे कॉपी करायची आज्ञा द्यायची. स्विच संगणकाचा पत्ता विचारतो, फाईलचं नाव विचारतो आणि किती बाईट गेले ते सांगतो. नाव देताना जागा आणि तारीख घाला. 'न्यू', 'फायनल', 'फायनल टू' अशी नावं ठेवू नका. सहा महिन्यांनी त्यातली खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही.

इथे एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. सिस्कोच्या या स्विचवर व्हीलॅनची यादी सहसा मुख्य फाईलमध्ये नसते. ती 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये फ्लॅशवर असते. फक्त मुख्य फाईल आणली तर पोर्टं येतात, कप्प्यांची यादी मागेच राहते. दोन्ही आणा. 'पडद्यावरचा मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की झालं, एफटीपी कशाला?' असं विचारणाऱ्याला हेच उत्तर आहे. मजकुराची फाईल तशी आणता येईल. व्हीलॅन डॉट डॅट आणि स्विचची कार्यप्रणाली या मजकुराच्या फाईली नाहीत, त्या चिकटवून येत नाहीत.

हुआवे किंवा एचथ्रीसीवर स्विच सर्व्हर असेल, तर लॅपटॉपवरून आत गेल्यावर 'गेट' म्हणजे फाईल आपल्याकडे आणणं आणि 'पुट' म्हणजे तिकडे पाठवणं. लक्षात ठेवा, गेट आणि पुट हे नेहमी जो मागायला गेला त्याच्या बाजूने मोजतात. स्विचमधून बाहेर पडून लॅपटॉपच्या सर्व्हरवर गेलात, तर अर्थ उलटतो. घाईत चुकीचा शब्द टाईप केला तर संगणकावरची जुनी फाईल स्विचमधल्या नव्या फाईलवर बसू शकते. आज्ञा देण्याआधी एकदा मोठ्याने म्हणा: कुठून, कुठे.

आकडे बोलतात, ऐकायला शिका

एफटीपी प्रत्येक टप्प्यावर तीन आकडी उत्तर देतं. हे आकडे १९८५ च्या कागदपत्रातलेच आहेत आणि प्रत्येक कंपनीच्या स्विचवर त्यांचा अर्थ तोच असतो. २२० म्हणजे सर्व्हर तयार. ३३१ म्हणजे नाव ठीक, पासवर्ड द्या. २३० म्हणजे आत आलात. ५३० म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ५५० म्हणजे फाईल नाही किंवा तिला हात लावायची परवानगी नाही. व्हीएसएफटीपीडीवर फाईल लिहायची परवानगी मुळात बंद असते, त्यामुळे नवख्याला हा ५५० पहिल्याच दिवशी भेटतो. सेटिंगमध्ये लिहिण्याची परवानगी चालू केली की जातो. २२६ म्हणजे फाईल पोचली. हा आकडा दिसेपर्यंत तार काढू नका.

४२५ आला, किंवा पासवर्ड स्वीकारला गेला पण फाईलींची यादी मागितली की पडदा गोठला, तर दोष बहुधा फायरवॉलचा असतो. एफटीपी एक जोडणी बोलण्यासाठी उघडतं, ती २१ क्रमांकाच्या पोर्टवर, आणि फाईल नेण्यासाठी दुसरी वेगळी जोडणी उघडतं. बोलणं चालू असतं, पण दुसरी जोडणी विंडोजची फायरवॉल अडवते. अशा वेळी लोक फायरवॉल कायमची बंद करून टाकतात. ते करू नका. त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या.

आणखी एक. विंडोजची काळ्या पडद्यावरची एफटीपी आज्ञा सुरुवातीला मजकुराच्या पद्धतीत असते. त्या पद्धतीत ओळींच्या शेवटच्या खुणा वाटेत बदलल्या जाऊ शकतात. कार्यप्रणालीची फाईल अशी नेली तर ती बिघडते. म्हणून कार्यप्रणाली नेण्याआधी 'बिन' टाईप करून बायनरी पद्धत लावायचीच. नंतर एमडी५ चा आकडा ताडून पाहायचा. विंडोजवर तो सर्टयुटिलने निघतो, सिस्कोच्या स्विचवर व्हेरिफाय आज्ञेने. दोन्हीकडचा आकडा अक्षरशः सारखा आला तरच पुढे जायचं, आणि तोवर जुनी कार्यप्रणाली पुसायची नाही.

घाई केली तर काय होतं ते हिशेबाने पाहा. बिघडलेल्या कार्यप्रणालीने स्विच उठत नाही. मग नेटवर्कही नाही आणि एफटीपीही नाही. उरते फक्त कन्सोलची तार. तिचा नेहमीचा वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० बाईट. दहा एमबीची फाईल त्या वाटेने न्यायला तीन तासांहून जास्त लागतात. हीच फाईल एफटीपीने एक-दोन मिनिटांचं काम असते.

परत घालतानाही एक सापळा आहे. सिस्कोवर जतन केलेली फाईल चालू मांडणीवर कॉपी केली, तर ती जुनी मांडणी पुसून नवी बसवत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतात. मोडकी मांडणी साफ करायची असेल तर फाईल सुरुवातीच्या प्रतीवर कॉपी करून स्विच पुन्हा सुरू करा. हे रविवारी, संगणक रिकामे असताना एकदा करून पाहा. परत घालून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, ती नुसती समजूत आहे.

आक्षेप आणि आमचं उत्तर

पहिला आक्षेप, एफटीपी असुरक्षित आहे. खरं आहे. नाव आणि पासवर्ड तारेवरून उघडे जातात. आम्ही हे मुलांना दाखवतो. वायरशार्क लावून त्यांनी स्वतःच टाईप केलेला पासवर्ड त्यांच्याच डोळ्यांसमोर पडद्यावर वाचून दाखवतो. एकदा पाहिलेलं कुणी विसरत नाही. याच कारणाने १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि पुढे त्यावर आधारलेल्या एससीपी, एसएफटीपी या सुरक्षित पद्धती आल्या. क्रोम आणि फायरफॉक्सनेही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. तुमच्या स्विचला एससीपी किंवा एसएफटीपी येत असेल, तर तेच वापरा. पण आपल्या संस्थांमध्ये येतात ते दुसऱ्यांनी वापरून टाकलेले जुने स्विच. त्यातल्या कित्येकांत हे नसतं. तिथे एफटीपीच वापरावं लागतं, पण शिस्तीने. लॅपटॉप आणि स्विच यांच्यात सरळ एकच तार ठेवायची, या कामापुरता वेगळा पासवर्ड ठेवायचा आणि काम झालं की सर्व्हर बंद करायचा. टीएफटीपी सोपं म्हणून पुष्कळजण ते वापरतात. त्यात तर पासवर्डच नाही.

याला जोडून एक सूचना. स्विचची फाईल व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. तिच्यात पासवर्ड असतात. सिस्कोच्या 'सात' प्रकारच्या पासवर्डवर घातलेला पडदा क्षणात उलटा करता येतो. फाईल पेनड्राईव्हवर ठेवा, पेनड्राईव्ह कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली दोघांकडे ठेवा.

दुसरा आक्षेप, देखभालीचा करार आहे ना, मग आपण कशाला शिकायचं? करार जरूर करा. पण करार हा सेवेचा असतो, मालकीचा नसतो. गाडी गॅरेजला टाकली म्हणून आरसी बुक मेकॅनिककडे ठेवत नाही.

तिसरा आक्षेप, आता सगळं क्लाउडवर आलं आहे, ही जुनी विद्या झाली. ठीक आहे. मग इतकंच सांगा, क्लाउडवरचं ते खातं कुणाच्या ई-मेलवर उघडलं आहे? संस्थेच्या, की बसवून देणाऱ्याच्या? तंत्र बदललं तरी प्रश्न तोच राहतो.

चौथा आक्षेप आमच्याच काही मित्रांचा आहे. ते म्हणतात, साधा स्विच लावा, ज्याला फाईलच नसते. पाच संगणकांच्या जागेत हा सल्ला योग्य आहे, आम्हीही तोच देतो. पण कॅमेरे, कार्यालयाची कागदपत्रं आणि विद्यार्थ्यांचे संगणक एकाच जाळ्यात मोकळे सोडणं धोक्याचं आहे. कप्पे लागतात, म्हणून फाईल लागते, म्हणून ती आपल्याकडे लागते.

मागणी काय करायची

संस्थेचे पदाधिकारी हा लेख वाचत असतील, तर पुढच्या कामाच्या आदेशात चार ओळी घाला. एक, मुख्य पासवर्ड बंद पाकिटात संस्थेकडे दिला जाईल. दोन, प्रत्येक बदलानंतर स्विचची आणि राऊटरची फाईल तारखेसह संस्थेकडे दिली जाईल. तीन, कोणती तार कुठे जाते याची लेखी यादी दिली जाईल, आणि ती ज्याने तार ओढली त्याच्याकडून तपासून घेतली जाईल. चार, हे मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. या अटी मागितल्या म्हणून कोणताही प्रामाणिक ठेकेदार काम सोडत नाही. जो सोडतो, त्याने आपली ओळख स्वतःच करून दिली.

आणि जी पोरं-पोरी आज शिडीवर आहेत त्यांना आमचं सांगणं वेगळं आहे. वही ठेवा. प्रत्येक तारेची नोंद करा. संध्याकाळी कन्सोल केबल घेऊन माणूस आला की त्याच्या शेजारी उभे राहा आणि विचारा. सांगितलं नाही तर जुना स्विच मिळवा, यूएसबीची कन्सोल केबल घ्या, पुटी फुकट आहे, फाईलझिला फुकट आहे, आरएफसी ९५९ फुकट आहे. आमच्याकडे या. रविवारी दुपारी दोन जुने स्विच टेबलावर असतात. एकजण मांडणी मोडतो, दुसरा फाईल घालून ती परत उभी करतो, मग बाजू बदलतात. पहिल्या दिवशी ५३० आणि ५५० ची रांग लागते. तिसऱ्या रविवारी २२६ यायला लागतात. चौथ्या रविवारी आम्ही त्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या अभ्यासिकेत घेऊन जातो आणि लॅपटॉप तिच्याकडे देतो. लॅपटॉपचा पडदा खोलीकडे वळवायचा, म्हणजे बाकीच्यांनाही दिसेल, एवढी एकच अट आम्ही घालतो.